अंगणवाडीची सुरुवात खरोखर अंगणातच झाली होती!

परवा गंगापूर रोडवर भाजी घेताना ओळखीची एक आई म्हणाली, "शाळेत नुसतं खेळवतात हो, लिहून काहीच घेत नाहीत!" पोर साडेतीन वर्षांचं. म्हटलं, थोडा इतिहास सांगावाच.

१९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी समुद्रकाठच्या बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! मॉन्टेसोरीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार? मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हीच साधनं झाली. मुलांनी ती हाताळायची, मोजायची, एकमेकांत वाटून घ्यायची. गणिताची सुरुवात तिथूनच.

पुढे कोसबाडला अडचण वेगळी होती. वारली पोरं गुरं राखायची, धाकट्या भावंडांना सांभाळायची. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभी राहिली. गुराख्यांसाठी तर कुरणातच शाळा भरली.

१९७५ मध्ये केंद्राची बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांनाही 'अंगणवाडी' हेच नाव मिळालं. आज मात्र अंगणवाडी म्हटलं की आपल्याला खिचडी आणि वजनकाटाच आठवतो.

आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चार पोरं चिखलाचे लाडू वळत, 'तुला मोठा, मला छोटा का?' म्हणून भांडत असतील, तर अभ्यासाला म्हणून लगेच वर बोलावू नका. त्यांचा अभ्यासच चाललाय.