सुहास पळशीकर यांचे निवडणूक संशोधन आणि आपल्या मतांचा हिशेब

निवडणूक संपली की आपल्या वस्त्यांत दोनच प्रश्न विचारले जातात : आपला कोण निवडून आला आणि कोण कोणाला विकला गेला? मतदाराने प्रत्यक्ष काय केले, हा तिसरा प्रश्न मागे पडतो. सुहास पळशीकर यांनी अनेक वर्षे हा तिसरा प्रश्न अभ्यासला, म्हणून मुर्धा-भाईंदरपासून गडचिरोलीपर्यंतच्या तरुण कार्यकर्त्यांना त्यांच्या कामाची ओळख असावी असे आम्हाला वाटते.

पळशीकर हे पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र व लोकप्रशासन विभागात प्राध्यापक होते. रजनी कोठारी यांनी १९६३ मध्ये दिल्लीत स्थापन केलेल्या ‘सीएसडीएस’ संस्थेच्या ‘लोकनीती’ या अभ्यास उपक्रमाचे ते सहसंचालक. राजेंद्र व्होरा यांच्यासोबत त्यांनी ‘महाराष्ट्रातील सत्तांतर’ हे पुस्तक लिहिले. १९९५ च्या विधानसभेत काँग्रेस ८० जागांवर आली, शिवसेनेला ७३ आणि भाजपला ६५ जागा मिळाल्या. काँग्रेसचे वर्चस्व कसे संपले, मराठा-कुणबी समाजाचे राजकारण कसे विखुरले, हे समजून घ्यायला ते पुस्तक आजही उपयोगी आहे. २०१४ नंतर देशात भाजपच्या वर्चस्वाची नवी पक्षपद्धती आकाराला येत असल्याची मांडणीही त्यांनी केली.

लोकनीतीची पद्धत टीव्हीवरच्या अंदाजांपेक्षा वेगळी आहे. मतदार यादीतून विशिष्ट अंतराने नावे निवडली जातात. मतदान झाल्यावर कार्यकर्ते त्या मतदाराच्या घरी जातात, जात, धर्म, शिक्षण, उत्पन्न, सरकारबद्दलचे मत विचारतात. मत कोणाला दिले, हे तोंडी सांगावे लागत नाही; नकली मतपत्रिकेवर खूण करून ती पेटीत टाकायची असते. एवढा खटाटोप कशासाठी, ते आपल्याच उदाहरणातून कळेल.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांचे प्रमाण ५.८१ टक्के होते. २०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला राज्यात सुमारे ७ टक्के मते मिळाली. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘सगळा बौद्ध समाज वंचितकडे गेला’ असे भाषण आम्ही किती वेळा ऐकले! पण आकडे जवळ आले म्हणून माणसे तीच, असे सिद्ध होत नाही. त्या ७ टक्क्यांत धनगर, माळी, मुस्लिम मतदार किती आणि काँग्रेसला वा रिपाइंच्या एखाद्या गटामुळे भाजपला मत देणारे बौद्ध किती, हे एकूण बेरजेतून कधीच दिसत नाही. मतदाराला विचारावेच लागते. अर्थात सर्वेक्षणालाही मर्यादा आहे. राज्याच्या नमुन्यात बौद्ध मतदार थोडेच येतात आणि बऱ्याचदा ते ‘दलित’ या एकाच रकान्यात जातात. तेवढ्या आकड्यांवर जिल्ह्याचे भाकीत करू नये.

मते आणि जागा यांचे नातेही असेच फसवे. १९९८ मध्ये काँग्रेसशी युती करून प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे असे चौघे लोकसभेत गेले, तेही सर्वसाधारण जागांवरून. २०१९ मध्ये लाखो मते मिळूनही वंचितचा एकही खासदार झाला नाही; आघाडीची एकमेव जागा एमआयएमने औरंगाबादेत जिंकली. सर्वाधिक मते घेणारा एकटाच जिंकतो, अशा पद्धतीत विखुरलेल्या मतांना युतीशिवाय जागा मिळत नाही.

मीरा-भाईंदर महापालिकेत गणित आणखी वेगळे. २०१७ मध्ये ९५ जागा २४ प्रभागांत होत्या. चार नगरसेवकांच्या प्रभागात मतदाराने चार मते द्यायची, म्हणजे पक्षाकडे चौघांचे पॅनल आणि मोठ्या प्रभागात फिरण्याची ताकद हवी. भाजपने ६१ जागा घेतल्या. मुर्धा, राई, मोर्वा या पट्ट्यातल्या कार्यकर्त्याने एक काम जरूर करावे : लोकसभा-विधानसभेचा ‘फॉर्म २०’ मिळवावा. त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर कोणाला किती मते पडली ते असते. दोन-तीन निवडणुकांचे आकडे वहीत शेजारी लिहा, मग घरोघरी बोला. केंद्राचा आकडा म्हणजे समाजाचा आकडा नव्हे, एवढे लक्षात ठेवा.

पळशीकरांचे नाव आपल्या अनेकांना मात्र वेगळ्याच कारणाने आठवते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात बाबासाहेबांवरचे शंकर यांचे १९४९ चे व्यंगचित्र होते. मे २०१२ मध्ये संसदेत त्यावर गदारोळ झाला. पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी मुख्य सल्लागारपदाचा राजीनामा दिला. दुसऱ्याच दिवशी पुण्यातील त्यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. चित्राबद्दलची चीड आम्ही समजू शकतो, तोडफोड नाही. पुढे २०२३ मध्ये पुस्तकांतून मजकूर वगळल्यावर याच दोघांनी आपली नावे काढून टाका, अशी मागणी एनसीईआरटीकडे केली.