चेर्नोबिलची ठेव

पेढी म्हटली कीं ठेव, हुंडी आणि व्याज हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या पेढीचा इतिहास आम्ही येथें सांगणार आहों, तिच्यांतील ठेव म्हणजे रोग्यांच्या देहांतून काढलेल्या कर्करोगाच्या गांठी, आणि तिचें व्याज म्हणजे ज्ञान.

ता. २६ एप्रिल १९८६ रोजीं, तेव्हांच्या सोव्हिएट संघांतील युक्रेनमध्यें, चेर्नोबिल येथील अणुवीजकेंद्राची चौथी भट्टी फुटली. वाऱ्यावर पसरलेल्या द्रव्यांत किरणोत्सर्गी आयोडीन होतें. तें दर आठ दिवसांनीं निम्में होतें. पण तेवढ्या अवधींत तें गवतावर पडलें, गाईंच्या दुधांत उतरलें व मुलांच्या पोटांत गेलें. गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि आयोडीन शोषून घेते, म्हणून आघात तेथेंच झाला. १९९२ सालीं बेलारूसमधील मुलांत या ग्रंथीचा कर्करोग वाढल्याचें वृत्त ‘नेचर’ या नियतकालिकांत आलें, आणि देशोदेशींच्या शास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे वेधलें.

येथें मोठाच पेंच होता. प्रश्न अनेक, परंतु मुलाच्या गळ्यांतील गांठ ती केवढी! ज्याच्या हातीं ती प्रथम पडेल, त्यानें ती एकाच प्रयोगांत खर्चिली, तर पुढच्यांनीं काय तपासावें? म्हणून १९९८ सालीं युरोपीय आयोग, जागतिक आरोग्य संघटना, अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था व जपानचें ससाकावा प्रतिष्ठान यांच्या साह्यानें चेर्नोबिलची ऊतिपेढी स्थापन झाली.

तिची व्यवस्था पाहण्यासारखी आहे. शस्त्रक्रिया उपचारासाठींच व्हावयाची. रोगनिदानास लागेल तो भाग आधीं बाजूस ठेवावयाचा, आणि उरलेल्यांतून, रोग्याची वा त्याच्या पालकांची संमति घेऊन, कांहीं भाग गोठवावयाचा, कांहीं मेणांत बसवावयाचा. अपघाताच्या वेळीं ज्यांचें वय १९ वर्षांच्या आंत होतें त्यांच्या गांठी घेतल्या. शिवाय तुलनेसाठीं, तें आयोडीन नाहींसें झाल्यानंतर जन्मलेल्यांच्याही घेतल्या. ठेव कीव्ह व ओबनिन्स्क येथें, म्हणजे रोग्यांच्या स्वतःच्या देशांतच राहिली. प्रत्येक निदान निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनीं एकत्र बसून पारखलें. संशोधकांस सबंध गांठ न देतां तिचे पातळ काप किंवा तींतून काढलेला डीएनए देण्यांत आला, व निष्कर्ष पेढीस परत कळविण्याचें बंधन त्यांच्यावर घालण्यांत आलें.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशास? त्याचें उत्तर २०२१ सालीं मिळालें. ४४० गांठींच्या जनुकांची छाननी करतां असें दिसलें कीं, लहानपणीं किरणांची मात्रा जितकी अधिक, तितके डीएनएचे दोन्ही धागे तुटून उद्भवलेले बिघाड अधिक. परंतु ‘ही किरणांचीच गांठ’ असें ओळखूं येण्याजोगी स्वतंत्र खूण मात्र आढळली नाहीं. पेढी स्थापन झाली तेव्हां असें सूक्ष्म वाचन करण्याचें साधनच नव्हतें. गांठी तेव्हांच संपविल्या असत्या, तर साधन हातीं आलें तरी वाचावयास कांहीं उरलें नसतें.

या पेढीचे ठेवीदार म्हणजे दूध पिऊन आजारी पडलेलीं मुलें. त्यांच्या ठेवीचें व्याज त्यांस स्वतःस क्वचितच मिळावयाचें. तें पुढच्या रोग्यांच्या खात्यावर जमा होतें. अशा ठेवीचा एकही तुकडा निष्काळजीपणानें वाया जाऊं न देणें हें, आमच्या मतें, शास्त्राचें प्रथम कर्तव्य होय.