दिसलं रडारला, ओळखायचं कुणी?

६ जुलै २०२५ च्या रात्री रायगडमधल्या कोर्लईजवळ तटरक्षक दलाच्या रडारवर संशयास्पद बोट दिसली. संकेतावरून पाकिस्तानी वाटत होती. भर पावसात नाकाबंदी, बॉम्बशोधक पथक, रात्रभर धावपळ. शेवटी खुलासा आला: ती बोट नव्हतीच, पाकिस्तानी बोटीच्या जाळ्याचा वाहत आलेला बोया होता! त्यावरचं यंत्र इमानेइतबारे संकेत देत होतं.

हसणं सोपं आहे. पण आपल्या किनाऱ्याचा इतिहास जरा उलगडून बघा.

१९९३ साली शेखाडीला आरडीएक्स उतरलं. तेव्हा प्रश्न यंत्राचा नव्हता, विकल्या गेलेल्या माणसांचा होता. २००८ ला अतिरेकी आले ते 'कुबेर'वरून. ही बोट भारतीय, नोंदणीकृत. नुसती नोंदणी तपासणाऱ्या कुठल्याही यंत्राने तिला 'आपली' म्हटलं असतं. बधवार पार्कला त्या दहा जणांना हटकलं ते मच्छीमार वस्तीतल्या लोकांनी. पुढे १६६ जीव गेले.

मग नौदल, तटरक्षक, सागरी पोलीस असं तिहेरी कवच उभं राहिलं. तरी ३१ जुलै २०११ ला 'पवित' हे बेवारस जहाज ओमानकडून वाहत थेट जुहूला लागलं. पुढे किनाऱ्यावर रडारची साखळी बसली. आणि १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरला, म्हणजे आमच्या बाणकोटच्या समोरच, 'लेडी हान' सापडली. आत तीन एके-४७. घातपात नव्हता, मस्कतजवळ सोडून दिलेली नौका होती. पण ती पाहिली स्थानिकांनी.

म्हणजे खरी बोट निसटली आणि बोया पकडला गेला. मग यंत्र भंगारात टाकायचं का? नाही. ३ जुलै १९८८ ला अमेरिकेच्या 'व्हिन्सेन्स' युद्धनौकेने इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं मेली. यंत्रणा विमान वर चढतंय असं बरोबर दाखवत होती. पण हल्ला होणार हे मनात पक्कं बसलेल्या माणसांना ते खाली झेपावताना 'दिसलं'.

यंत्र सांगतं, 'इथे काहीतरी आहे.' ते काय आहे, हे ठरवणं माणसाचंच काम.

मिरकरवाड्याच्या बातम्या करताना मी बघतो, जुने तांडेल लांबूनच बोट कुठल्या बंदरातली ते सांगतात. आता मासेमारीवर ड्रोनची नजर आहे, उद्या संशयित बोट कुठली तेही संगणकच ठरवेल. मग चुकून लाल ठिपका पडलेल्या गरीब खलाशाने दाद कुणाकडे मागायची? आणि चार खोट्या इशाऱ्यांनंतर पाचवा खरा निघाला, तर रात्रपाळीचा पोलीस तितक्याच तातडीने धावेल?

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक इशाऱ्यानंतर ते नेमकं काय निघालं, हे बंदरावर जाहीर करा. आणि रडारच्या खोलीतून पहिला फोन जिथे जाईल, त्या यादीत मच्छीमार सोसायटीचाही नंबर असू द्या.