मॅन्टनच्या दुकानात, १९०७

एस्प्लनेडला ट्राममधून उतरा. विजेवरची ट्राम येऊन पाचच वर्षं झालीत आणि कलकत्ता अजून राजधानी आहे. गव्हर्नमेंट हाऊस डाव्या हाताला ठेवून ओल्ड कोर्ट हाऊस स्ट्रीटला लागा. याच रस्त्यावर मॅन्टन आणि कंपनी.

आत जवसाच्या तेलाचा वास. तुमचा हात आधी जातो विंचेस्टरकडे. १८९५ चं मॉडेल, जॉन ब्राउनिंगचं. ट्रिगरभोवतीची तरफ खाली ओढली की रिकामं काडतूस उडतं, वर दाबली की नवं आत बसतं. ही चाल एकदा हातात बसली की माणूस जन्मभर त्याच बंदुकीचा होतो.

पण पलीकडची बघा. लंडनच्या रिग्बीची .२७५ बोअर, बोल्टची, वजनाला हलकी. अक्रोडाच्या दस्त्यावर ओरखडा नाही, चांदीची पट्टीही अजून बसलेली नाही. दुकानाला ती नुसता माल आहे, तुम्हाला मात्र तिचं पुढचं सगळं ठाऊक आहे. चंपावतच्या वाघिणीने ४३६ माणसं मारली. तिला याच वर्षी टिपणाऱ्या जिम कॉर्बेटला लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट हीच बंदूक भेट देतील. १९३० मध्ये चौगडची नरभक्षक वाघीण चार पावलांवर दबा धरून असेल आणि कॉर्बेटच्या डाव्या हातात रातव्याची दोन अंडी असतील. तो हात अडकलेला, त्यामुळे तो ही बंदूक एकाच हाताने, आणि वाघिणीने झेप घेऊ नये म्हणून अगदी सावकाश वळवेल. जड दुनळी असती तर कॉर्बेट वाचला नसता, असं मला ठामपणे वाटतं.

तुम्ही किंमत विचारता.

"टिळकांच्या मुलखातले का, मोशाय? लायसेन्स आहे?"

१८७८ चा शस्त्र कायदा. शेजारच्या गोऱ्या गिऱ्हाइकाला कोणी काही विचारत नाही. तुमची कानशिलं तापतात, आणि तापायलाच हवीत. आपल्याच देशात हातात शस्त्र धरायला आपल्यालाच परवाना.

बंदूक पुन्हा रांगेत जाते. पुढची चाळीस वर्षं ती कुमाऊंच्या रानात भिजेल, घासली जाईल, तिच्यावर कॉर्बेटच्या हातांचे डाग पडतील. भारत सोडून केनियात गेलेल्या कॉर्बेटमागे ती त्याच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे राहील. आणि २०१५ मध्ये तिला परत विकत घ्यायला येईल ती खुद्द रिग्बी कंपनी, जिने ती एकदा मॅन्टनला विकली होती.