रॅलीचे प्रेक्षक आणि चित्रफितींची साक्ष

मोटारशर्यतींच्या इतिहासात प्रेक्षकांचा उल्लेख बहुधा संख्येपुरताच होतो. रॅलीच्या बाबतीत ही उपेक्षा परवडणारी नाही. बंदिस्त मार्गावरील शर्यतीत तीच मोटार पुनःपुन्हा दृष्टीस पडते. रॅलीत ती डोंगरातील वा अरण्यातील रस्त्यावरून एकेकटी, घड्याळाशी स्पर्धा करीत धावते. प्रेक्षकाने तासन्तास वाट पाहावी आणि मोटार काही क्षणांत वळणाआड व्हावी, असा हा प्रकार आहे. त्या क्षणाच्या निकट जाण्याची ओढ आणि तो चित्रफितीत धरून ठेवण्याची हौस, ही दोन्ही या अल्पतेतूनच उद्भवली असे मानावयास जागा आहे.

या ओढीचा कळस १९८२ ते १९८६ या ‘ग्रुप बी’ पर्वात झाला. केवळ २०० मोटारी बांधल्या की स्पर्धेस मान्यता मिळे. त्यामुळे कारखानदारांना अत्यंत हलक्या व बलाढ्य मोटारी उतरविणे शक्य झाले. चारही चाकांना शक्ती पुरविण्याचे सामर्थ्य ऑडी क्वात्रोने १९८१ मध्येच सिद्ध केले होते. त्याच वर्षी मिशेल मूतों यांनी सान रेमोची रॅली तीवरच जिंकली. १९८६ पर्यंत आघाडीच्या मोटारींची शक्ती चारशे अश्वशक्तीच्या पुढे गेली. गर्दीचे शिस्तपालन मात्र त्या मानाने वाढले नाही.

५ मार्च १९८६ रोजी पोर्तुगालमध्ये, सिंत्रानजीकच्या लागोआ आझुल टप्प्यावर, जोआकिम सांतोस यांची फोर्ड आरएस २०० गर्दीत शिरली. तिघे मृत्युमुखी पडले, तीसहून अधिक जखमी झाले. कारखान्यांच्या संघांतील चालकांनी पुढे धावण्यास नकार दिला. रस्त्यावर आलेल्या प्रेक्षकांना चुकविताना हा अपघात घडला, मोटारीचा प्रकार वा वेग त्यास कारण नव्हे, असे त्यांनी लेखी निवेदनात म्हटले. पुढे २ मे रोजी कॉर्सिकात हेन्री तोइव्होनेन व त्यांचे सहचालक सेर्जिओ क्रेस्तो यांची लान्चिया डेल्टा एस ४ रस्ता सोडून दरीत कोसळली व जळाली, दोघेही दगावले. तेथे गर्दीचा प्रश्न नव्हता. मोटार भस्मसात झाल्याने कारण निश्चित करता आले नाही; परंतु मोटारीला दोषमुक्त ठरविणारे आधीचे निवेदन आता पुरेसे राहिले नाही. १९८७ पासून हा वर्ग जागतिक अजिंक्यपदातून वगळण्याचा निर्णय झाला.

त्या काळच्या चित्रफिती आजही रसिक आवडीने पाहतात. मोटार येताच दुभंगणारी आणि ती जाताच मिटणारी गर्दी त्यांत दिसते. इतिहासकाराने ही साक्ष दोन कारणांनी जपून वापरावी. दूरदर्शी भिंगातून अंतरे आखडलेली भासतात; म्हणून मोटार आणि माणूस यांतील अंतर केवळ अशा चित्रावरून ठरवू नये. दुसरे, चित्तथरारक क्षण निवडले जातात, निरुपद्रवी तास गळून पडतात. तथापि रस्त्याच्या मध्यभागी माणसे उभी होती, ही गोष्ट कोणत्याही भिंगाची किमया नव्हे.

म्हणून या पर्वास ‘सुवर्णयुग’ म्हणताना थोडे थांबावयास हवे. ज्या गर्दीमुळे ती चित्रे रोमहर्षक वाटतात, तीच गर्दी लागोआ आझुल येथे बळी पडली. तिच्या उत्साहास केवळ मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे होईल. रस्ता मोकळा ठेवण्याची जबाबदारी संयोजकांचीही होती. परंतु चित्रफीत पाहताना दृष्टी मोटारीवरून काढून कडेच्या माणसांवर स्थिर केली, तरच त्या पर्वाचा इतिहास पुरा वाचला असे होईल.