रेडिओनियंत्रित हेलिकॉप्टरचे सुधारित सुटे भाग : गुणवत्तेच्या कल्पनेचा एक इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाच्या इतिहासात शोध आणि शोधक यांना जेवढे स्थान मिळते, तेवढे दुरुस्तीला व सुट्या भागांना मिळत नाही. यंत्र विकत घेतल्यानंतर वापरणारा त्यात कोणते बदल करतो, त्यासाठी बाजारात कोणत्या वस्तू उपलब्ध होतात आणि त्या वस्तू ‘चांगल्या’ कशावरून ठरतात, हे प्रश्न सहसा दुर्लक्षित राहतात. रेडिओनियंत्रित प्रतिकृती-हेलिकॉप्टर हे या प्रश्नांच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण आहे. या छंदात मूळ उत्पादकाने दिलेले भाग काढून त्यांच्या जागी अन्य उत्पादकांचे ‘अपग्रेड’ भाग बसविण्याची प्रथा रूढ झाली. असे भाग बहुधा रंगीत, चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे असत. प्रस्तुत लेखात १९७० ते २०१० या चार दशकांतील या प्रथेचा मागोवा घेऊन गुणवत्तेची कल्पना कशी घडत गेली याचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : प्रतिकृतीकडून यंत्राकडे व पुन्हा प्रतिकृतीकडे

हेलिकॉप्टरचा इतिहास आरंभापासूनच प्रतिकृतींशी जोडलेला आहे. अमेरिकेतील आर्थर यंग यांनी १९३० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातील पाओली येथे लहान प्रतिकृतींवर प्रयोग केले. मुख्य रोटरला जोडलेल्या स्थिरक दांड्यामुळे यंत्र स्थिर राहू शकते, हे त्यांनी त्यातून सिद्ध केले. १९४१ मध्ये ते बेल कंपनीत दाखल झाले आणि त्यांच्या कल्पनेवर आधारलेल्या बेल ४७ या हेलिकॉप्टरला ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचे प्रमाणपत्र मिळाले. याच दशकात स्टॅनले हिलर यांनी दांड्याच्या टोकांना छोटी पाती जोडून रोटर नियंत्रित करण्याची पद्धत प्रचारात आणली.

या दोन पद्धतींचा संयोग पुढे प्रतिकृती-हेलिकॉप्टरांत ‘फ्लायबार’ या नावाने सर्वत्र वापरला गेला. जर्मनीतील अभियंता डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास ह्यूई कोब्राच्या प्रतिकृतीचे यशस्वी नियंत्रित उड्डाण केले व त्यानंतर तिचे जुळणीसंच बाजारात आले. मोठे यंत्र घडविण्यासाठी वापरलेली छोटी प्रतिकृती आता स्वतःच एक स्वतंत्र यंत्र झाली.

प्लॅस्टिकचे आगमन आणि ‘अपग्रेड’ची गरज

आरंभीच्या संचांत यांत्रिक भाग मोठ्या प्रमाणात धातूचे असत. ते महाग होते आणि त्यांची जुळणी करण्यासाठी कारागिराचे कौशल्य लागे. मोडलेला भाग घरच्या लेथवर पुन्हा घडविणे ही छंदाचीच एक बाजू होती. १९८० च्या दशकात हिरोबो, काल्ट, क्योशो या जपानी उत्पादकांनी साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकचा वापर वाढविला. त्यामुळे किंमत उतरली, जुळणी सोपी झाली व हा छंद कारागिरांपुरता मर्यादित राहिला नाही. मात्र प्लॅस्टिकचा भाग ‘स्वस्त’, म्हणून ‘कमअस्सल’, अशी भावनाही याच काळात रुजली. धातूच्या अपग्रेड भागांची मागणी या भावनेतून निर्माण झाली.

२००० नंतर या मागणीचे स्वरूप व्यापक झाले. ब्रशलेस मोटर व लिथियम-पॉलिमर बॅटरी यांमुळे लहान विद्युत हेलिकॉप्टर व्यवहार्य ठरले. जर्मनीच्या इकारस कंपनीचे पिकोलो आणि तैवानच्या अलाइन कंपनीचे टी-रेक्स ४५० ही त्या काळातील परिचित नावे होत. संगणकनियंत्रित कातकामामुळे छोट्या कारखान्यांनाही अ‍ॅल्युमिनियमचे नेटके भाग करणे शक्य झाले. एकाच हेलिकॉप्टरसाठी अनेक उत्पादकांचे रोटर-हेड, स्वॉशप्लेट व शेपटीचे भाग मिळू लागले. पुढे मूळ उत्पादकांनीच धातूच्या भागांसह महागड्या आवृत्त्या काढल्या.

गुणवत्तेची कसोटी : डोळ्यांना न दिसणारे गुण

अशा भागांवर किती ताण येतो हे साध्या गणिताने समजते. टी-रेक्स ४५० च्या आकाराच्या यंत्राच्या रोटरची त्रिज्या सुमारे ३५ सेंटिमीटर असते. रोटर मिनिटाला २८०० फेरे घेतो असे मानल्यास पात्याच्या टोकाचा वेग ताशी सुमारे ३७० किलोमीटर होतो. पात्याचे वजन ३० ग्रॅम आणि त्याचा गुरुत्वमध्य केंद्रापासून १९ सेंटिमीटरवर धरल्यास ते पाते सुमारे ५० किलोग्रॅम वजनाएवढ्या ओढीने बाहेर खेचले जाते. पात्याच्या टोकाशी एका ग्रॅमचा दहावा भाग एवढा जरी असमतोल असला, तरी जवळजवळ ३०० ग्रॅम वजनाएवढा धक्का सेकंदाला ४६ ते ४७ वेळा यंत्राला बसतो.

ही आकडेमोड लक्षात घेता रंग व चकाकी या कसोट्या गौण ठरतात. मुख्य दंड सरळ आहे काय, त्याला योग्य कठीणपणा दिला आहे काय, बेअरिंगची खोबण अचूक मापाची आहे काय, दोन्ही पकडींचे वजन समान आहे काय, हे खरे प्रश्न होत. अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंमध्येही मोठा फरक असतो. ७०७५ या प्रकारची ताकद ६०६१ पेक्षा बरीच अधिक असते. परंतु अ‍ॅनोडायझिंगचा निळा किंवा लाल थर चढल्यावर आतील धातू कोणता, हे पाहून सांगता येत नाही. अ‍ॅल्युमिनियमला थकव्याची निश्चित सुरक्षित मर्यादाही नसते. वारंवार येणाऱ्या लहान ताणांनीही कालांतराने त्यात तडा जाऊ शकतो.

उलटपक्षी, खरी सुधारणा अनेकदा झाकलेली असे. पात्याच्या पकडीत साध्या बेअरिंगसोबत थ्रस्ट बेअरिंग बसविणे हे त्याचे उत्तम उदाहरण. पाते बाहेर ओढले जात असतानाच त्याचा कोन बदलावा लागतो. साधे बेअरिंग अशा अक्षीय भाराखाली जड फिरते. थ्रस्ट बेअरिंग तो भार सहज पेलते. मात्र त्याच्या दोन चकत्यांच्या छिद्रांचे माप किंचित वेगळे असते आणि त्या उलट बसविल्यास लाभाऐवजी हानी होते. भागाच्या गुणवत्तेत जुळणी करणाऱ्याच्या ज्ञानाचाही वाटा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

प्लॅस्टिकची बाजू

प्लॅस्टिकचा भाग नेहमीच काटकसरीपोटी वापरला जात होता असे म्हणता येणार नाही. त्याची तीन कार्ये विशेष नमूद करण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे त्याचे वजन कमी असते. दुसरे म्हणजे आघात झाल्यास तो मोडतो, आणि मोडताना आघाताची बरीच ऊर्जा शोषून घेतो. विजेच्या मंडलातील फ्यूजप्रमाणे तो अधिक महाग भागांचे रक्षण करतो. त्याच्या जागी धातू बसविला की आघात पुढे सरकतो आणि दंड, दातेरी चाक किंवा सर्व्हो यांवर जाऊन पडतो. शिवाय वाकलेला धातू वरवर शाबूत दिसतो. मोडलेले प्लॅस्टिक मात्र आपला दोष लपवीत नाही.

तिसरे कार्य आज विस्मरणात गेले आहे. युरोपात ३५ आणि अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या जुन्या रेडिओसंचांत, सैल सांध्यात धातूवर धातू घासला गेल्यास निर्माण होणारा विद्युत गोंगाट ग्राहकयंत्राच्या कामात व्यत्यय आणू शके. म्हणून काही सांध्यांत प्लॅस्टिक मुद्दाम योजलेले असे. २००० च्या दशकाच्या उत्तरार्धात २.४ गिगाहर्ट्‌झचे संच रूढ झाल्यावर ही अडचण बहुतांशी मिटली. तोच भाग एका काळात सदोष व दुसऱ्या काळात निर्दोष ठरला; बदलली ती भोवतालची व्यवस्था.

धातूसंबंधीची आणखी एक विसंगती उल्लेखनीय आहे. एकीकडे बाजार धातूला श्रेष्ठ मानीत होता, तर दुसरीकडे आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे नियम मुख्य व शेपटीच्या रोटरसाठी धातूच्या पात्यांना मनाई करीत होते. पाती लाकडाकडून काचतंतू व कार्बनतंतूकडे गेली, धातूकडे नव्हे.

फ्लायबारचा अस्त

२०१० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणाने फ्लायबारची जागा घेतली. ज्या दांड्यांवर, तरफांवर व पिंजऱ्यांवर छंदिष्टांनी वर्षानुवर्षे खर्च केला होता, ते भाग नव्या यंत्रांतून नाहीसे झाले. सर्वांत मोठी सुधारणा अधिक मजबूत भागाने घडवली नाही. ती भागच अनावश्यक करणाऱ्या विचाराने घडवली. तथापि नव्या रचनेत उरलेल्या सांध्यांतील किंचितसा ढिलेपणाही अधिक जाणवू लागला, कारण इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे प्रत्येक सूक्ष्म दुरुस्तीचे काम त्याच सांध्यांमधून होते. अचूकतेचे महत्त्व त्यामुळे वाढले.

तपासणीचा प्रश्न

प्रवासी विमानाच्या पर्यायी भागांना शासकीय मान्यता लागते. ती व्यवस्था भेदली गेल्यास काय होते हे ८ सप्टेंबर १९८९ रोजी दिसून आले. नॉर्वेच्या पार्टनएअरचे विमान डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ कोसळून ५५ जण मृत्युमुखी पडले. शेपटी जोडणारे बनावट बोल्ट हे त्यामागील एक कारण असल्याचे चौकशीत आढळले. प्रतिकृती-हेलिकॉप्टरच्या सुट्या भागांना अशी मान्यता लागत नाही. पण धोका नाही असे नव्हे. २०१३ मध्ये स्वित्झर्लंड व न्यूयॉर्क येथे मोठ्या प्रतिकृतींच्या पात्यांचा आघात होऊन दोन चालकांचा मृत्यू झाला. या घटनांचा संबंध सुट्या भागांशी जोडण्याचे कारण नाही. परंतु फिरते पाते खेळणे नसते, हे त्यांतून कळते. शासकीय निरीक्षक नसताना निरीक्षणाची संपूर्ण जबाबदारी वापरणाऱ्यावर येते. आणि दंड सपाट काचेवर लोळवून पाहण्यास, पाती तराजूवर तोलण्यास, धातूतील प्रत्येक स्क्रूला पकडद्रव लावण्यास विशेष साधने लागत नाहीत, शिस्त लागते.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, ‘धातू म्हणजे गुणवत्ता’ ही समजूत बाजारात रुजली; यांत्रिकी तिला जसाच्या तसा दुजोरा देत नाही. दोन, एखादा भाग चांगला की वाईट हे तो ज्या रचनेत बसतो तिच्याशी असलेल्या मेळावर ठरते; एका ठिकाणी वाढविलेली ताकद दोषाला दुसऱ्या ठिकाणी ढकलते. तीन, बाह्य प्रमाणीकरण नसलेल्या क्षेत्रात वापरणाऱ्याचे ज्ञान हेच प्रमाणपत्र ठरते. आज महाविद्यालयीन कार्यशाळांत विद्यार्थी बाजारातील सुटे भाग आणून ड्रोन जुळवितात. त्यांच्या हाती येणारा भाग किती चकाकतो यापेक्षा तो कोठे व कसा मोडेल, हा प्रश्न त्यांना विचारायला शिकविणे, हा या छोट्या इतिहासाचा मोठा उपयोग आहे.