बँटिंगचे पत्र : पाव, साखर आणि उतारवय (थ्रेड)

१८६२ सालचा ऑगस्ट महिना. लंडनमधला एक सधन, निवृत्त गृहस्थ घरातला जिना उतरताना पाठ खाली करून, एकेक पायरी चाचपत, उलटा उतरत असे. सरळ उतरले की गुडघ्यांना आणि घोट्यांना बसणारा हिसका त्याला सोसवत नसे. वाकून बुटाची नाडी बांधणे तर केव्हाच बंद झाले होते. उंची ५ फूट ५ इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे सुमारे ९२ किलो. वय साठीच्या बरेच पुढे गेलेले. नाव विल्यम बँटिंग.

बँटिंग घराण्याचा व्यवसाय अंत्ययात्रांची व्यवस्था करण्याचा, आणि तोही राजघराण्याच्या. तिसऱ्या जॉर्जची अंत्ययात्रा याच पेढीने काढली. १८५२ साली ड्यूक ऑफ वेलिंग्टनची प्रचंड अंत्ययात्राही तिच्याच व्यवस्थेत निघाली. हा वेलिंग्टन म्हणजे १८०३ साली असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली. इतरांचे शेवटचे प्रवास इतक्या नेटकेपणाने पार पाडणाऱ्या या माणसाला स्वतःचे देह मात्र आवरत नव्हते.

त्याने उपायांत कसूर केली नव्हती. वैद्याच्या सल्ल्याने भल्या पहाटे नाव वल्हवली, तर भूक वाढली आणि भुकेपाठोपाठ वजनही. लेमिंग्टन, चेल्टनम, हॅरोगेट येथील औषधी झऱ्यांचे पाणी पिऊन झाले. पन्नास तुर्की स्नाने केली, त्यांतून उतरले जेमतेम सहा पौंड. यांत वीस-तीस वर्षे गेली. लठ्ठपणा वयाबरोबर येणारच, असे सांगून मोठमोठ्या डॉक्टरांनी त्याची बोळवण केली होती.

शेवटी ज्या वैद्याकडे उपाय सापडला, त्याच्याकडे तो वजनासाठी गेलाच नव्हता. त्याला ऐकू कमी येऊ लागले होते, म्हणून तो विल्यम हार्वे या कानाच्या शल्यविशारदाकडे गेला. (रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे दोनशे वर्षे आधीचा, हा केवळ नामसाधर्म्याचा योग.) बहिरेपणाचे मूळ कानात नसून देहावर साठलेल्या चरबीत आहे, असे हार्वेचे निदान पडले.

या निदानामागे पॅरिसची एक व्याख्यानमाला होती. क्लोद बेर्नार या शरीरशास्त्रज्ञाने यकृत स्वतः साखर तयार करते हे दाखवून दिले होते, आणि हार्वेने १८५६ साली पॅरिसमध्ये त्याच्याकडून मधुमेहाविषयीची ही मांडणी ऐकली होती. मधुमेह्यांच्या लघवीतील साखर मांसाहाराने घटते, ही गोष्ट वैद्यकाला ठाऊक होती. जॉन रोलो या लष्करी शल्यचिकित्सकाने १७९७ सालीच एका तोफखान्याच्या अधिकाऱ्यावर असा आहार योजून पाहिला होता. उलट जनावरे पुष्ट करायची तर त्यांना पिष्टमय चारा घालतात. ही दोन टोके हार्वेने जोडली : पिष्ट आणि साखर तोडली, तर माणसाची चरबीही उतरावी. तेव्हा हा आहार सडपातळ दिसण्यासाठी जन्मला नाही. तो मधुमेहाच्या अभ्यासातून आला आणि एका वृद्धाच्या कानावरचा इलाज म्हणून वापरला गेला.

हार्वेने वर्ज्य केलेले पदार्थ सहा : पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा. बँटिंगचा दिवस आजवर नेमका याच पदार्थांवर चाले. आता सकाळी चार-पाच औंस मांस किंवा मासळी आणि दूध-साखरेविना चहा, दुपारी पुन्हा मांस वा मासळी, बटाट्याखेरीज कोणतीही भाजी आणि एक औंस कोरडा टोस्ट, संध्याकाळी थोडी फळे, रात्री पुन्हा थोडे मांस. वारुणीला बंदी नव्हती. जेवणासोबत क्लॅरेट किंवा शेरीचे दोन-तीन पेले चालत. आजचा कोणताही आहारतज्ज्ञ या कलमावर भुवया उंचावील.

सप्टेंबर १८६३ पर्यंत वजन १५६ पौंडांवर आले. ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो उतरले. कंबर बारा इंचांहून अधिक आटली. जिना सरळ उतरता येऊ लागला, ऐकू येऊ लागले.

त्या आनंदात १८६३ साली त्याने ‘लठ्ठपणाविषयी जनतेस पत्र’ अशा आशयाची पुस्तिका स्वखर्चाने छापून फुकट वाटली. मागणी इतकी वाढली की पुढील आवृत्ती विकावी लागली. इंग्रजीत त्याच्या नावाचे क्रियापद झाले; स्वीडिश भाषेत ‘बांता’ म्हणजे वजन उतरवणे हा शब्द अजूनही रोजच्या वापरात आहे.

या पुस्तिकेतला एक मुद्दा मात्र मागे पडला, आणि तोच तिचा गाभा म्हणावा असा आहे. आपल्याकडे घोड्याला हरभरा घालतात, तसा इंग्लंडात बाकल्याच्या जातीचा दाणा घालत. बँटिंगने तोच दृष्टान्त घेतला. जे अन्न तरुणपणी हितकर असते, तेच उतारवयात घोड्याच्या दाण्यासारखे बाधते, असे त्याचे म्हणणे. पाव-साखरेला तो माणसाचा ‘दाणा’च म्हणतो. पाव हे विष आहे असा त्याचा दावा नव्हता. वय बदलले की अन्नाचा हिशेबही बदलतो, एवढेच तो सांगत होता.

वैद्यकीय पत्रांनी या नवख्याची टर उडवली. वैद्यकात नाक खुपसू नये, असेही त्याला बजावण्यात आले. टीकेतला एक भाग रास्त होता. एका माणसाच्या अनुभवाने सिद्धान्त ठरत नाही. शिवाय दूध, लोणी, बिअर आणि साखर सुटल्याने एकूण अन्नही घटले असणार. तेव्हा श्रेय पिष्ट टाळण्याचे किती आणि कमी खाण्याचे किती, हे या प्रयोगातून उलगडत नाही.

वयाविषयीचा अंदाज मात्र पुढच्या शास्त्राने बराचसा उचलून धरला. जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायू शोषून घेतात. वयाबरोबर स्नायू झडतात, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, आणि तिशीत सहज पचणारे ताट सत्तरीत रक्तातील साखर चढवते. यातच एक धोकाही दडलेला आहे : म्हातारपणी घाईने वजन उतरवले, तर चरबीसोबत स्नायूही जातात. बँटिंगच्या ताटात दिवसाकाठी बारा-पंधरा औंस मांस-मासळी होती, म्हणजे प्रथिनांची वाण नव्हती. ही बाजू सोडून नुसती भाकरी आणि भात कमी करणाऱ्या वृद्धाच्या हाती अशक्तपणा येण्याचा संभव असतो.

बँटिंग १८७८ साली, एक्क्याऐंशीव्या वर्षी वारला. त्याच्या काळी मधुमेहावर पथ्याखेरीज फारसे काही नव्हते. इन्शुलिन १९२१ साली टोरांटोत हाती आले. शोधकर्त्यांपैकी एकाचे आडनावही बँटिंगच, फ्रेडरिक बँटिंग. तेव्हापासून पथ्याचे गणित अधिक अवघड झाले आहे. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या चालू असताना ताटातले पिष्ट एकाएकी तोडले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, आणि वृद्धाच्या बाबतीत त्या घसरणीचा शेवट पडण्यात व हाड मोडण्यात होऊ शकतो. म्हणून अशा रुग्णांचे औषध ताट बदलण्याआधी डॉक्टरांकडून बेतून घ्यावे लागते.